मागचा आकडा

नदीकाठची फेरी चौदा किलोमीटरची होती, आणि तिच्याइतकी सोपी फेरी त्या शहरात दुसरी नव्हती. दुकानाच्या पाटीवर थोरल्याने स्वतःच्या हाताने रंगवलं होतं, ‘चढ नाही, घाम नाही, घाई नाही.’ धाकट्याचं म्हणणं होतं की पाटी अर्धीच खरी आहे. आठव्या किलोमीटरनंतर बूड दुखून बसायला जागा शिल्लक राहत नाही, हेही लिहायला हवं. पण हे तो पाहुण्यांसमोर कधी बोलला नाही. बोलणं हा थोरल्याचा प्रांत होता.

दोघे सख्खे भाऊ. थोरला अठ्ठावन्नचा, धाकटा एक्कावन्नचा. पहिल्या पुलाशी त्यांनी सायकलींचं दुकान टाकलं त्याला बावीस वर्षं झाली होती. रोज सकाळी नऊला बारा पाहुण्यांना पिवळी जाकिटं आणि पांढरी हेल्मेटं चढवून ते फेरीला निघत आणि बाराच्या आत परत येत. थोरला सगळ्यांच्या पुढे, धाकटा सगळ्यांच्या मागे. पुढच्याने रस्ता बघायचा, मागच्याने माणसं बघायची. कोणाची चेन उतरली, कोणाला धाप लागली, कोणी बदकांचे फोटो काढत रेंगाळलं, की धाकटा तिथे हजर. थोरल्यावर मागे वळून बघायची वेळच येत नसे, आणि या गोष्टीचा त्याला मनातून अभिमान होता.

अलीकडच्या काठाने वर जायचं. बंधाऱ्याशी पहिला थांबा, होड्यांच्या धक्क्यावर दुसरा. मग रेल्वेच्या रुळांखालचा बोगदा. बोगदा म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. सरळ, ऐंशी पावलांचा; एका तोंडाशी उभं राहिलं की दुसऱ्या तोंडातलं ऊन दिसे. भिंतींना ओल, मध्यावर जाळीत बसवलेला एक दिवा, आणि ओल्या लोखंडाचा वास. बोगद्यातून बाहेर पडलं की तिसरा थांबा, मग काचघरात झाडं जोपासलेली काचेची बाग, मग पूल ओलांडून पलीकडच्या काठाने घरी.

प्रत्येक थांब्यावर मोजणी व्हायची, आणि मोजणीचा नियम धाकट्याचा होता. एका वर्षी एक आजी धक्क्यावरच्या बाकावर डुलकी लागून मागे राहिल्या. पुढून थोरल्याने घाईघाईत आकडा सांगितला, मागून धाकट्याने न मोजता तोच आकडा म्हटला, आणि दोन थांबे पुढे गेल्यावर आजींची रिकामी जागा ध्यानात आली. आजी तशाच झोपलेल्या सापडल्या, बिघडलं काहीच नाही. पण धाकट्याने ते फार मनाला लावून घेतलं. तेव्हापासून दोघांनी वेगवेगळं मोजायचं, स्वतःला सोडून. मोजून झालं की हात वर करायचा, आणि दोन्ही हात वर झाले की आकडा एकदम बोलायचा, म्हणजे कोणी कोणाचा उचलायला नको. बारा पाहुणे आणि दुसरा भाऊ. दोघांचे तेरा आले की पुढे निघायचं.

थोरला हेल्मेटं मोजायचा. तोंडं बघत बसलं की आकडा हातचा सुटतो, हे त्याचं अनुभवाचं बोलणं.

पानगळ सुरू झाली होती. मंगळवारची सकाळ, ऊन कोवळं, नदीवर धुक्याचा पातळ पदर. बोगद्यातून बाहेर पडून थोरला थांबला, पाहुणे एकेक करून ओळीत उभे राहिले, दोन हात वर झाले.

“तेरा,” थोरला म्हणाला.

“चौदा,” धाकटा म्हणाला.

पाहुण्यांना हसू आलं. थोरल्यालाही आलं. इतक्या वर्षांनी आमच्या शेंडेफळाने शेवटी स्वतःलाही माणसांत धरलं, असं तो म्हणाला, आणि सगळे पुन्हा हसले. धाकटा हसला नाही. त्याने बोट दाखवत दाखवत परत मोजलं, तेरा आले. मग त्याने बोगद्याकडे वळून पाहिलं आणि सायकलवर चढला.

दुपारी दुकानात चेनींना तेल देताना त्याने आपण होऊन विषय काढला. मी स्वतःला मोजलं नव्हतं, म्हणाला. शेवटचं हेल्मेट माझ्या मागे होतं. थोरल्याने विचारलं, तुझ्या मागचं तुला दिसलं कसं? धाकट्याने बराच वेळ एकाच कडीवर फडकं फिरवलं. दिसलं नाही, म्हणाला, पण मोजताना ते धरलं गेलं, घरात किती माणसं आहेत ते न बघता कळतं तसं. आणि बोगद्यात त्याने चाक ऐकलं होतं. पेडल न मारता सायकल नुसती सोडली की मागच्या चाकातून टिकटिक येते, ती. पुढचे सगळे पेडल मारत होते, तो स्वतः मारत होता. टिकटिक मागून येत होती.

बोगद्यात आवाज घुमतो, थोरला म्हणाला. पुढच्या कोणीतरी दोन क्षण पाय थांबवले असतील, आवाज भिंतीला आपटून मागून आला. यात न पटण्यासारखं काही नव्हतं. धाकटाही हो म्हणाला. तरी दुसऱ्या दिवशी फेरीनंतर थोरला एकटाच टॉर्च घेऊन बोगद्यात जाऊन आला, कारण भावाच्या मनात किडा वळवळत राहिलेला त्याला आवडायचा नाही. भिंती ठोकून पाहिल्या, गटाराची जाळी हलवून पाहिली. कुठे खोबण नाही, दार नाही, आडोसा नाही. ऐंशी पावलं, इकडे ऊन, तिकडे ऊन.

पुढच्या आठवड्यात मंगळवारी पुन्हा चौदा. गुरुवारी पुन्हा. आता पाहुण्यांसमोर चेष्टा करायला थोरल्याची जीभ वळेना. दोन्ही वेळा परत मोजल्यावर तेराच आले. धाकट्याचं जेवण कमी झालं होतं. त्याच्या बायकोने, म्हणजे थोरल्याच्या भावजयीने, फोन करून विचारलंही, दुकानात काही झालंय का, हे घरात चालतानासुद्धा मागे बघतात. काही नाही, थोरला म्हणाला, थंडी पडली की त्याचं असंच होतं.

त्याच गुरुवारी पाहुण्यांत एक निवृत्त शिक्षिका होत्या. चाळीस वर्षं वर्गात मुलं मोजलेली बाई. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसावं. काचेच्या बागेत थोरल्याजवळ येऊन त्यांनी सहज विचारलं, “तुम्ही तिघं भाऊ का हो?”

दोघंच, थोरला म्हणाला.

“मग तुमच्या धाकट्यांच्या मागे जे होते बोगद्यात, ते कोण? तोंड नाही दिसलं मला. पण एक खांदा उतरवून बसायची पद्धत अगदी तुमची. म्हटलं, घरातलेच असणार.”

थोरल्याने बाईंना काहीतरी थातुरमातुर सांगितलं, आमचा एक मदतनीस येतो कधीकधी, आणि बागेतल्या जुन्या पाणवनस्पतींची गोष्ट दुप्पट उत्साहाने सांगायला घेतली. धाकट्याला त्याने हे सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. सांगितलं असतं तर भावाला धीर आला असता की आपल्याला वेड लागलेलं नाही. थोरल्याला हे कळत होतं. पण सांगायचं म्हणजे आपणही मानायचं, आणि मानलं की पुढचा प्रश्न आपल्याच दारात येऊन बसतो.

तो प्रश्न शुक्रवारी आलाच. दुकान आवरताना धाकटा म्हणाला, “दादा, उद्या तू मागे राहशील?”

“आणि पुढे?”

“पुढे मी जातो. नाहीतर दोघं मागे राहू. रस्ता सरळच आहे, पाहुणे जातील आपले आपण. फक्त बोगद्यापुरतं. तू मागे आहेस म्हटलं की मला काही वाटणार नाही.”

धाकट्याने आयुष्यात त्याच्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, आणि तेव्हापासून थोरल्याने जे दिलं ते निमूट घेत आला होता. थोरल्याने हो म्हणायला हवं होतं. तो म्हणाला की बावीस वर्षांची घडी अशी मोडायची नसते, पाहुण्यांना गोष्टी कोण सांगणार, आणि या वयात हे काय पोरासारखं. बरंच काही म्हणाला. खरं कारण एवढंच होतं की त्या बोगद्यात सगळ्यात शेवटी राहायची त्याला भीती वाटत होती.

धाकट्याने मान हलवली. “बरं,” म्हणाला, आणि सायकली आत घेऊ लागला.

शनिवारी आकाश स्वच्छ होतं. बारा पाहुणे, त्यांत एक दातांचा डॉक्टर, धिप्पाड आणि संथ, पहिल्या थांब्यापासूनच ओळीच्या शेवटी पडलेला. बंधाऱ्याशी तेरा आणि तेरा. धक्क्यावर तेरा आणि तेरा. बोगद्याच्या तोंडाशी थोरल्याने नेहमीची सूचना दिली, दिवे लावा, डावीकडून चला, आणि आत शिरला. मागे कोणाची तरी चेन खडखडल्यासारखी वाटली. त्याने मान वळवली नाही. वळवावी असं मनात आलं होतं, पण समोरच्या उन्हावर नजर खिळवून तो पेडल मारत राहिला.

बाहेर येऊन त्याने सायकल लावली. पाहुणे एकेक करून आले. शेवटचा पिवळा माणूस बोगद्याच्या तोंडाशी, सावलीच्या आतच थांबला. उन्हातून सावलीत बघताना थोरल्याचे डोळे दिपत होते. त्याने हेल्मेटं मोजली. हात वर केला. सावलीतला हात वर झाला.

“तेरा.”

“तेरा.”

एकदम. एका श्वासाचंही अंतर नाही. थोरल्याचा जीव भांड्यात पडला. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं, आणि भावाबद्दल त्याला इतकी माया दाटून आली की संध्याकाळी त्याला घरी जेवायला घेऊन जायचं त्याने ठरवून टाकलं. बागेतही तेरा आणि तेरा. परतीच्या काठावर तो गुणगुणत होता.

दुकानाच्या फाटकाशी उभं राहून त्याने पाहुण्यांना आत घेतलं. डॉक्टर सगळ्यात शेवटी आला, घाम पुसत. थोरला फाटक धरून उभाच राहिला. रस्ता रिकामा होता. एक कुत्रं आलं आणि गेलं.

भाऊ कुठे राहिला, त्याने डॉक्टरला विचारलं.

“ते बोगद्याच्या अलीकडेच थांबले की,” डॉक्टर म्हणाला. “त्यांची चेन तुटली. मी म्हटलं थांबतो मदतीला, तर म्हणाले, गरज नाही, दादा आहे ना मागे, तुम्ही व्हा पुढे.”

“दादा म्हणजे मी,” थोरला म्हणाला. “मी पुढे होतो.”

“हो, तेच मला नंतर वाटलं.” डॉक्टर हेल्मेटचा पट्टा सोडवत होता. “पण नंतर माझ्या मागे चाक वाजत होतं सारखं, इथपर्यंत. म्हटलं, आले वाटतं.”

थोरल्याने फोन लावला. धाकट्याचा फोन दुकानातच वाजला, खुंटीला टांगलेल्या त्याच्या कोटात.

पाहुण्यांना तसंच सोडून तो निघाला. फेरी उलटी धरली, पलीकडच्या काठाने वर. दुपारचं ऊन होतं, बाकांवर माणसं डबे खात होती, आणि तो अठ्ठावन्नाव्या वर्षी सायकल हाणत होता. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. बोगद्याबाहेर ‘तेरा’ म्हणणारा आवाज धाकट्याचा होता. यात चूक नव्हती. तो आवाज त्याला स्वतःच्या आवाजाइतका ओळखीचा होता. चूक एवढीच होती की आकडा जुळला म्हणून त्याने तोंड पाहिलं नाही.

काचेची बाग मागे पडली. बोगदा आला.

त्याने थांबून आत पाहिलं. पलीकडे ऊन होतं, मध्ये दिवा होता, आत कोणी नव्हतं. तो शिरला. ऐंशी पावलं. भिंतींवरून पाणी ओघळत होतं. दिव्याखालून जाताना त्याची एकच सावली पुढे पडली, हे त्याने मुद्दाम पाहिलं.

बाहेर धाकटा कठड्यावर बसला होता. चेन जोडून झाली होती, हाताचं काळं तेल पुसून झालं होतं, सायकल नीट टेकवून ठेवली होती. तो नदीकडे बघत होता. त्याला धडधाकट बघून थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“चल,” तो म्हणाला. “चुकलं माझं. चल घरी.”

धाकट्याने त्याच्याकडे पाहिलं आणि तो कठड्यावर थोडा मागे सरकला. त्याचा रंग उडाला होता. पण आवाज शांत होता, ठरवून शांत ठेवलेला.

“दादा म्हणाला होता, तू येशील.”

“अरे, मीच दादा.”

“हेही म्हणाला होता. म्हणाला, अगदी माझ्यासारखाच दिसेल, घाबरू नकोस.” धाकट्याने पुन्हा नदीकडे तोंड केलं. “सकाळपासून तो माझ्याबरोबर बसलाय. चेन त्यानेच धरली. आत्ता आत गेलाय बोगद्यात, कोणी येतंय का बघायला.”

“आत कोणी नाही. मी आत्ता त्यातूनच आलो.”



थोरल्याला काय करावं सुचेना. तो जवळ जाऊन त्याच्यासमोर उभा राहिला, बोगद्याकडे पाठ करून. त्याने आईचं नाव घेतलं. भावाच्या पायावरच्या लहानपणच्या जखमेची हकीकत सांगितली. शेवटी त्याने ती गोष्ट सांगितली जी घरात दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हती. वडील गेले त्या वर्षी त्याने धाकट्याला सायकल शिकवली होती. मागून सीट धरलीय, मी आहे, तू मार पेडल, असं ओरडत तो मैदानभर धावला होता, आणि प्रत्यक्षात सीट त्याने पहिल्या वळणावरच सोडली होती. धाकटा पडला होता. दोघांनी मिळून आईला सांगितलं होतं की खड्डा होता.

“आठवतं?” थोरला म्हणाला. “मी सोडली होती रे.”

धाकट्याने हळूच मान हलवली. त्याच्या डोळ्यांतही पाणी होतं.

“हे तू सांगशील म्हणाला होता,” तो म्हणाला. “दादा म्हणतो, त्याने सोडलीच नव्हती.”

नदीवर एक होडी गेली.

“आणि आजपासून तो मागे राहणार आहे,” धाकटा म्हणाला. “मी न मागता म्हणाला.”

थोरल्याने त्याचा हात धरायला हात पुढे केला. धाकट्याने अंग चोरलं.

मग धाकट्याची नजर वर गेली, थोरल्याच्या खांद्यावरून मागे, आणि त्याचा चेहरा मोकळा झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. कपाळावरच्या आठ्या गेल्या, खांदे सैल पडले, लहानपणी शाळा सुटल्यावर फाटकाशी थोरल्याला पाहून व्हायचा तसा तो झाला.

“आलास?” तो म्हणाला. “दमला असशील.”

त्याने सायकलला अडकवलेली पाण्याची बाटली काढली, थोरल्याला चुकवून हात लांब केला, आणि बाटली त्याच्या खांद्यावरून मागे दिली.

हात परत आला तेव्हा रिकामा होता.